पोर्तुगीज गोव्याचे राजपत्र, माहितीखाते आणि सेन्सॉर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातली ‘सरकारी माहिती’ म्हणजे नेमके काय काय?

चार गोष्टी. पहिली, सरकारी राजपत्र, म्हणजे ‘बोलेतिम ओफिसियाल’. गोव्यात जुनी माणसे नुसते ‘बोलेतिम’ म्हणतात, इथेही तेच वापरले आहे. दुसरी, ते छापणारा पणजीचा सरकारी छापखाना, ‘इंप्रेन्सा नासियोनाल’. तिसरी, वृत्तपत्रांवरची देखरेख, म्हणजे सेन्सॉर आणि छापणे भाग असलेली सरकारी निवेदने. चौथी, शेवटच्या पंधराएक वर्षांतली नभोवाणी, ‘एमिसोरा द गोवा’.

१९५१ च्या घटनादुरुस्तीनंतर लिस्बनने ‘वसाहत’ हा शब्द टाकून पुन्हा जुने ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. त्याने कागदावरचे शिरोलेख बदलले, सेन्सॉर बदलला नाही. म्हणून १९५० आणि १९५२ चे अंक वेगळ्या राजवटीचे समजून वाचू नयेत.

बोलेतिम कधी सुरू झाले? त्याआधी काही होते का?

छापखाना गोव्यात १५५६ मध्येच आला, जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. पण पुढे तो बंद पडला आणि अठराव्या शतकात तर छपाईवर बंदीच होती. पोर्तुगालमधल्या उदारमतवादी क्रांतीची लाट १८२१ मध्ये इथे पोचली, व्हाइसरॉयला पदच्युत केले गेले, मुंबईहून छापखाना आणला गेला आणि २२ डिसेंबर १८२१ रोजी ‘गाझेता द गोवा’ निघाले. ते १८२६ पर्यंत चालले. १८३५ पासून ‘क्रोनिका कोन्स्तितुसियोनाल द गोवा’ हे दुसरे सरकारी पत्र निघू लागले.

डिसेंबर १८३६ मध्ये लिस्बनने हुकूम काढला की प्रत्येक सागरपार प्रांताने स्वतःचे राजपत्र काढावे. त्याप्रमाणे ७ डिसेंबर १८३७ पासून गोव्याचे बोलेतिम सुरू झाले, प्रथम साप्ताहिक. त्याचे नाव अनेकदा थोडेथोडे बदलले: कधी ‘सरकारचे’, कधी ‘जनरल सरकारचे’, शेवटी ‘एस्तादो द इंडिया’चे, म्हणजे पोर्तुगीज भारताचे, बोलेतिम ओफिसियाल. ग्रंथालयाच्या सूचीत ही नावे स्वतंत्र नियतकालिके म्हणून नोंदलेली असतात. एका नावाखाली १८७० नंतरचे खंड दिसत नाहीत म्हणून ते नष्ट झाले असे समजू नका, पुढचे नाव टाकून पुन्हा शोधा.

आणखी एक खाचखळगा. १८४४ पर्यंत मकाव आणि तिमोर गोव्याच्याच अखत्यारीत होते, आणि दमण-दीव तर शेवटपर्यंत. त्यामुळे सुरुवातीच्या अंकांत मकावच्या नेमणुका दिसल्या तर दचकायचे कारण नाही.

मुखपृष्ठावर ‘नोव्हा गोआ’ छापलेले आहे. हे शहर कुठे?

पणजी. १८४३ च्या राजाज्ञेने पणजीला हे नाव मिळाले. नोव्हा गोआचे बोलेतिम आणि पणजीचे बोलेतिम ही दोन वेगळी पत्रे नाहीत.

लिस्बनमध्ये कायदा झाला की तो गोव्यात आपोआप लागू व्हायचा का?

नाही, आणि बहुतेक चुका इथेच होतात. लिस्बनच्या राजपत्रात, म्हणजे ‘दियारियो दु गोव्हेर्नो’त, छापलेला कायदा सागरपार प्रांतात लागू व्हायला दोन गोष्टी लागत. तो त्या प्रांतालाही लागू आहे असे मंत्र्याने नमूद करायचे आणि मग तो स्थानिक बोलेतिममध्ये छापायचा. तिथे छापून आल्यावर ठरलेली मुदत उलटली की अंमल सुरू.

उदाहरण सगळ्यांच्या परिचयाचे आहे. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची. ती सागरपार प्रांतांना लागू करणारा हुकूम १८ नोव्हेंबर १८६९ चा. गोव्यात अंमल १ जुलै १८७० पासून. एकाच कायद्याला तीन तारखा. वारसाहक्काच्या वादात कोणी १८६७ धरून बसला तर त्याचा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर घसरतो. म्हणून कोणत्याही पोर्तुगीज कायद्याचा दाखला देताना लिस्बनची तारीख आणि बोलेतिमचा क्रमांक व तारीख असे दोन्ही लिहावे. जुन्या गोमंतकीय वकिलांना ही सवय होती, नव्या पिढीत ती पातळ झाली आहे.

अंकात काय कुठे असते?

शेवटच्या काही दशकांत बोलेतिम तीन मालिकांत निघे. पहिलीत कायदे, हुकूम, नियम. दुसरीत नेमणुका, बदल्या, बढत्या, निवृत्ती आणि रजा. आरोग्य मंडळाच्या मतानुसार अमक्या कारकुनाला अमुक दिवसांची रजा, अशा नोंदींनी रकानेच्या रकाने भरलेले असतात. कंटाळवाणे खरे, पण एखादा माणूस कोणत्या साली कोणत्या कचेरीत होता हे पक्के करायला याच नोंदी कामी येतात. तिसऱ्या मालिकेत न्यायालयांच्या नोटिसा, लिलाव, निविदा, कोमुनिदादीच्या (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) जमिनींच्या जाहिराती आणि खासगी सूचना.

मजकुराचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. ‘देक्रेतो’, म्हणजे हुकूम, लिस्बनहून येतो. ‘पोर्तारिया’, म्हणजे प्रशासकीय फर्मान, मंत्र्याचीही असते आणि गव्हर्नरचीही, म्हणून खालची सही बघावी. ‘डिप्लोमा लेजिस्लातिव्हो’ हा गव्हर्नरने स्थानिक अधिकारात केलेला कायदा. ‘देस्पाशो’ म्हणजे एखाद्या प्रकरणावरचा निर्णय, ‘एदिताल’ आणि ‘आव्हिजो’ जाहीर सूचना, ‘अनुन्सियो’ जाहिरात. आणि ‘रेक्तिफिकासांव’ म्हणजे चूक-दुरुस्ती, जी वाचायला लोक विसरतात.

या दुरुस्तीला एवढे महत्त्व का?

कारण कायद्याचा अधिकृत पाठ म्हणजे मूळ मजकूर अधिक दुरुस्ती. दुरुस्ती पुढच्या अंकात आलेली असू शकते किंवा बऱ्याच काळानेही. आकड्यातली, कलमाच्या क्रमांकातली किंवा नावातली चूक तिथे सुधारलेली असते. हवा तो मजकूर सापडल्यावर त्या वर्षाचे उरलेले अंक निदान चाळावेत. पुरवणी अंकांचेही तसेच. ‘सुप्लेमेंतो’ त्याच क्रमांकाने पण वेगळा निघे, आणि बांधणी करताना तो खंडाच्या शेवटी गेलेला किंवा गळलेला असतो. ‘क्रमांक बरोबर आहे पण मजकूरच नाही’ या तक्रारीचे कारण बहुधा पुरवणी.

आजोबांची नेमणूक किंवा कुळाच्या जमिनीची नोटीस शोधायची आहे. कुठून सुरुवात करू?

आधी घरातले कागद. कोणत्याही दस्तावर, विक्रीखतावर किंवा नेमणूकपत्रावर बोलेतिमचा क्रमांक लिहिलेला असतो का ते पाहा. तो मिळाला तर निम्मे काम झाले. नसेल तर साल आणि तालुका ठरवा. मग त्या वर्षाची अनुक्रमणिका बघा, ती वर्षाच्या शेवटच्या अंकाबरोबर किंवा स्वतंत्र बांधलेली असते. अनुक्रमणिका विषयवार असते, नावांची नसते, हे ध्यानात ठेवा. नेमणूक असेल तर खात्याच्या नावाखाली बघा: महसूल, सार्वजनिक बांधकाम, आरोग्य, शिक्षण. तिथून अंकाचा क्रमांक घ्या आणि अंक मागवा.

मागच्यापुढच्या दोन-तीन महिन्यांचे अंकही मागवावेत. आदेशाची तारीख आणि छपाईची तारीख यांत अंतर असते. लोक आदेशाच्या तारखेचा अंक उघडतात आणि काही नाही म्हणून परत जातात.

नाव सापडतच नाही. रोमन लिपीत शोधले तरी नाही.

कारण तुम्ही इंग्रजी वळणाचे स्पेलिंग शोधत आहात. पोर्तुगीज कारकून ऐकेल तसे आणि आपल्या उच्चारपद्धतीने लिहायचा. काही ठोकताळे:

‘श’ साठी एक्स. शंकर एक्सने सुरू होतो, गणेशच्या मधोमध एक्स असतो. ‘के’ आणि ‘कि’ साठी क्यू-यू. केशव म्हणजे क्यू-यू-ई-एक्स-ओ-व्ही-ए. नाईकच्या शेवटीही क्यू-यू-ई. इतर ‘क’ साठी सी, म्हणून कामत सी खाली. अक्षरातल्या ‘अ’ साठी बहुतेकदा ओ: पांडुरंगचा ‘पांडुरोंगा’, वामनचा ‘वामोना’, रामचंद्रचा ‘रामाचोंद्रा’. ‘ख, घ, थ, ध’ मधला हकार गायब: रघुनाथचा ‘रोगुनाता’. यशवंत बऱ्याचदा ई खाली मिळतो. आडनावांत प्रभूचे ‘पोरोबो’, कामतचे ‘कामोतीं’, शेणवीचे ‘सिनाय’. आणि हे ‘सिनाय’ खऱ्या आडनावाच्या आधी येते, त्यामुळे सिनाय अमुक अशी शेकडो माणसे भेटतात.

गावांचेही तेच. कवळे क्यू खाली, केपे क्यू खाली, साखळी ‘सांकेलीं’, डिचोली ‘बिशोलीं’, पेडणे ‘पेर्नें’. त्यात १९११ च्या पोर्तुगीज लेखनसुधारणेने शब्दच बदलले: आधी ‘ओफिसियाल’मध्ये दोन एफ, नंतर एक. डिजिटल प्रतीत शोधशब्द टाकताना दोन्ही रूपे टाकून पाहा. छापील अक्षरे यंत्राने चुकीची ओळखलेली असतात, म्हणून पूर्ण नावाऐवजी नावाचा चार-पाच अक्षरी तुकडा शोधणे जास्त फलदायी ठरते.

एक गोष्ट आणखी. हिंदूंसाठी कायद्यात ‘जेंतियू’ हा शब्द असे. १६ डिसेंबर १८८० चा, गोव्यातल्या हिंदूंच्या रीतिरिवाजांचा हुकूम याच शब्दाखाली नोंदलेला आहे, ‘हिंदू’ खाली नाही.

रकमा तीन खणांत लिहिल्या आहेत. कशा वाचायच्या?

रुपया, टांगा, रेइस. सोळा टांग्यांचा रुपया, साठ रेइसांचा टांगा, म्हणजे रुपयाचे ९६० रेइस. हा हिशेब १८७० च्या दशकापासूनचा. त्याआधीच्या अंकांत अशरफी (शेराफीं) दिसते, ती साधारण अर्ध्या रुपयाची, आणि तेव्हाच्या रुपयाचे रेइस ६०० धरत. म्हणून १८६० चे रेइस आणि १९१० चे रेइस एकाच पट्टीने मोजू नयेत. १९५९ पासून एस्कुदो आला, रुपयाला सहा एस्कुदो या दराने. त्या वर्षानंतरच्या दंडाच्या रकमा एकदम फुगलेल्या दिसतात त्या यामुळे.

बोलेतिममध्ये मराठी असायचे का?

राजपत्राची भाषा पोर्तुगीज. पण नव्या काबिजादींत, म्हणजे फोंडा, सांगे, पेडणे, डिचोली, सत्तरी, केपे, काणकोण या भागांत, व्यवहाराची लेखी भाषा मराठी होती आणि सरकारला ते माहीत होते. याच सरकारी छापखान्याने १८६१ मध्ये नव्या काबिजादींतल्या रहिवाशांच्या रीतिरिवाजांची संहिता पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली. तिचे काम फिलिप नेरी शेव्हियर यांनी केले. ते या छापखान्याचेच अधिकारी होते. त्यांच्याच काळात मुख्य सचिव असलेले कुन्य रिव्हारा यांनी बोलेतिमच्या बिनसरकारी भागात जुने दस्तऐवज छापायला सुरुवात केली. त्यामुळे १८५५ नंतरच्या काही वर्षांचे बोलेतिम इतिहासाच्या अभ्यासकाला खजिना वाटते, आणि नंतरचे खंड रजांच्या याद्यांनी निराश करतात.

सेन्सॉर कधीपासून आला?

१९१० मध्ये पोर्तुगाल प्रजासत्ताक झाल्यावर गोव्यातल्या वृत्तपत्रांना बरीच मोकळीक होती. मराठी-पोर्तुगीज ‘भारत’ गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी केप्यातून काढले ते याच काळात, १९१२ मध्ये. २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाने ती मोकळीक संपली. त्याच वर्षी वसाहतमंत्री ज्युआंव बेलो यांनी वसाहतींतल्या संपादकांवर पात्रतेच्या अटी लादल्या. ११ एप्रिल १९३३ रोजी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची घटना अमलात आली. तिच्यात विचारस्वातंत्र्य लिहिलेले होते, आणि पूर्वतपासणीचा हुकूमही त्याच तारखेचा. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले म्हणजे राजवटीचा स्वभाव कळतो.

पूर्वतपासणी प्रत्यक्षात कशी चाले?

सगळ्या पोर्तुगीज प्रदेशांत रीत जवळपास एकच होती. खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) जुळवून पानाचे प्रूफ काढायचे. जादा प्रती सेन्सॉरकडे पाठवायच्या. तिथे निळ्या पेन्सिलीने काट मारली जाई आणि शिक्का बसे: मंजूर, काटछाट करून मंजूर, रोखून धरले, किंवा पूर्ण रद्द. प्रूफ परत आले की छापखाना कामाला लागे. पहिल्या पानावर ‘सेन्सॉरने तपासले’ अशी ओळ छापावी लागे. ती ओळ आजही जुन्या अंकांवर दिसते.

खरा जाच ‘रोखून धरले’ या शिक्क्यात होता. रद्द म्हटले की संपादक दुसरा मजकूर लावतो. रोखून धरले म्हटले की तो थांबून राहतो, आणि बातमी शिळी होते. तोवर जुळवलेले खिळे अडकून पडतात. छोट्या छापखान्यात खिळ्यांचा साठा मोजकाच, ते अडकले की दुसरे पान जुळवायला अक्षरेच उरत नाहीत. देवनागरीत तर जोडाक्षरांमुळे खण कितीतरी जास्त लागतात. शिवाय मराठी मजकूर तपासायला मराठी जाणणारा माणूस लागणार, तो नसला की आणखी उशीर. वृत्तपत्र बंद पाडायला दर वेळी बंदीहुकूम लागत नसे, उशीर आणि खर्च तेवढेच काम करीत.

बंदही पाडली जात, हे वेगळे. वसाहतविषयक कायद्याविरुद्ध १९३० मध्ये कायदेमंडळात ठराव मांडणारे लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचे ‘प्रकाश’ साप्ताहिक १९३७ मध्ये बंद झाले.

एवढी काटछाट होती तर जुन्या अंकांत कोऱ्या जागा का दिसत नाहीत?

कारण कोरी जागा सोडायला मनाई होती. वाचकाला काही कापले गेले हे कळताही कामा नये, असा दंडक. म्हणून संपादक बिनधोक मजकूर आधीच जुळवून ठेवत: बोटींच्या वेळा, सणांची माहिती, एखादी कविता, परदेशातली किरकोळ बातमी. अभ्यासकाला याचा उपयोग होतो. राजकीय स्तंभाच्या मधोमध संदर्भाशिवाय एखादा निरुपद्रवी परिच्छेद आला, किंवा लेखाचा शेवट तोडल्यासारखा वाटला, तर तिथे निळी पेन्सिल फिरली असण्याची शक्यता धरावी. शक्यताच, पुरावा नव्हे. पुरावा हवा तर कापलेले प्रूफच सापडले पाहिजे.

लग्नपत्रिकाही तपासून घ्याव्या लागत, हे खरे का?

त्या काळातल्या गोमंतकीयांच्या आठवणींत हे वारंवार येते, आणि नियम ज्या तऱ्हेने लिहिलेले होते त्यात ते बसतेही: छापखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद तपासणीखाली. सभांचेही तसेच. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस मडगावात उभे राहिले ते विनापरवाना सभेच्याच प्रश्नावर.

सरकार वृत्तपत्रांना स्वतःहून काय पुरवत असे?

मुख्य म्हणजे ‘नोता ओफिसिओझा’, सरकारी निवेदन. ते आले की छापायचेच, मजकुरात बदल न करता. त्यावर भाष्य करायचे तर ते पुन्हा सेन्सॉरकडे. म्हणून एकाच दिवशी तीन वृत्तपत्रांत शब्दशः एक मजकूर दिसला तर तो तीन बातमीदारांनी दिलेला दुजोरा नाही. एकच कागद तीनदा छापला आहे. प्रबंधांतही हा घोळ आढळतो, ‘तिन्ही वृत्तपत्रे सांगतात’ असे लिहून लेखक मोकळा होतो.

बाकी गव्हर्नरची भाषणे, दौऱ्यांचे वृत्त, लिस्बनहून आलेला मजकूर. लिस्बनमध्ये १९२४ पासून वसाहतींच्या प्रचाराचे काम बघणारी एजन्सी होती, १९५१ मध्ये तिचे नाव ‘आजेन्सिया जेराल दु उल्त्रामार’ झाले. पाहुणे आणणे हाही तिच्या कामाचाच भाग मानावा लागेल. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तू फ्रेइरे १९५१ मध्ये सागरपार मंत्र्यांच्या निमंत्रणावरून पोर्तुगीज प्रदेशांत फिरले, गोव्यातही आले, आणि पोर्तुगीज संस्कृतीबद्दलचे त्यांचे विचार राजवटीने पुढे मनसोक्त वापरले. १९५२ च्या डिसेंबरातले सेंट फ्रान्सिस झेवियरच्या निधनाच्या चारशेव्या वर्षाचे शवप्रदर्शन धार्मिक होतेच, पण जगातल्या पत्रकारांपुढे ‘गोवा आमचा’ म्हणायची संधीही होती.

एमिसोरा द गोवा कुणासाठी होती?

१९४६ पासून लहान प्रमाणात आणि पन्नाशीत जोरात. पोर्तुगीजबरोबर कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी कार्यक्रम असत. सीमेपलीकडच्या श्रोत्यालाही ओढायचे होते, आणि त्यासाठी आयती संधी मिळाली दिल्लीकडून. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना सिनेसंगीताचे वावडे होते. आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले हे सगळ्यांना आठवते, गोव्याच्या केंद्राकडेही वळले हे कमी जणांना. गाणी ऐकायला बसलेल्याच्या कानावर बातमीपत्रही पडते, हे त्या केंद्राला चांगले कळत होते.

विरुद्ध बाजूने काय होते?

मुंबईतून निघणारी गोमंतकीयांची पत्रे, त्यात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे ‘फ्री गोवा’ १९५३ पासून. आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत चाललेले भूमिगत नभोवाणी केंद्र, ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते आधी आंबोलीच्या जंगलातून आणि मग कॅसलरॉकहून चालवले. एमिसोराच्या बातम्या टिपून घ्यायच्या आणि त्याच दिवशी उत्तर द्यायचे, असे ते युद्ध होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावरून मुक्तीची घोषणा केली. एमिसोराचे बांबोळीचे प्रक्षेपण केंद्र आदल्याच दिवशी, १८ तारखेला, भारतीय हवाई दलाने उडवले होते.

मग बोलेतिम आणि तेव्हाची वृत्तपत्रे यांवर कितपत विसंबावे?

हुकूम काय निघाला, कधी निघाला, कुणाच्या सहीने निघाला, यासाठी बोलेतिम पक्का पुरावा. घडले काय, यासाठी नाही. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहाचे उदाहरण घ्या. सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसे मेली. गोव्यात छापलेल्या कागदांत सीमेवरचा ‘घुसखोरीचा प्रयत्न’ मिळेल. मृतांची नावे आणि जखमींच्या जबान्या यांसाठी मुंबई-पुण्याची मराठी वृत्तपत्रे, रुग्णालयांच्या नोंदी आणि सत्याग्रहींनी लिहून ठेवलेले बघावे लागते. त्यांतही आकडे जुळत नाहीत. जुळत नाहीत तर तसेच मांडावेत, सरासरी काढू नये.

डिसेंबर १९६१ मध्ये तर लिस्बनचाच गोंधळ झाला. सालाझारने गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा यांना शेवटपर्यंत लढण्याचा संदेश पाठवला होता, आणि लिस्बनची वृत्तपत्रे तुंबळ लढाईची वर्णने छापत राहिली. प्रत्यक्षात १९ डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नरने शरणागती पत्करली होती, सारे काही दीड-दोन दिवसांत आटोपले होते. आपल्याच सेन्सॉरने गाळलेल्या माहितीवर सरकार विसंबून राहिले की असे होते.

१९६१ नंतर हे सारे रद्द झाले का?

सेन्सॉर गेला, राजपत्र राहिले. गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायदा, १९६२ ने आधीचे कायदे रद्द होईपर्यंत चालू ठेवले. म्हणून देवस्थानांचा १९३३ चा ‘माझानियां’चा (महाजनांच्या मंडळांचा) नियम (डिप्लोमा लेजिस्लातिव्हो ६४५, ३० मार्च १९३३) आणि कोमुनिदादींची संहिता (क्रमांक २०७०, १५ एप्रिल १९६१) ही नावे आजही कोर्टकचेऱ्यांत रोज ऐकू येतात.

राजपत्राच्या तीन मालिकाही तशाच राहिल्या, आता इंग्रजीत, दर गुरुवारी. तिसरी मालिका उघडून बघा: कोमुनिदादीची पडीक जागा भाड्याने देण्याची नोटीस संहितेच्या कलम ३३० चा आधार घेते, चतुःसीमा देते आणि आक्षेप असल्यास दुसऱ्यांदा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोमुनिदादींच्या प्रशासकाकडे लेखी द्या म्हणते. मुदत दुसऱ्या प्रसिद्धीपासून मोजायची. शेजाऱ्याने पहिली नोटीस दाखवली म्हणून घाबरायला नको, आणि दुसरी निघालीय का हे न बघता निर्धास्तही राहायला नको.

जुने अंक कुठे बघता येतील?

पणजीत पुराभिलेख संचालनालय. त्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते, पहिले दप्तरदार दियोगो दु कोउतो. वृत्तपत्रांसाठी पाटो इथले कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, १८३२ साली स्थापन झालेले. त्यांनी जुन्या वृत्तपत्रांचे बरेच डिजिटायझेशन केले आहे. १९६१ नंतरच्या राजपत्रांसाठी सरकारी छापखान्याचे संकेतस्थळ पुरते. लिस्बनमध्ये सागरपार ऐतिहासिक दप्तरखान्यात मंत्रालयाचे कागद आणि तोर्रे दु तोंबोत, म्हणजे राष्ट्रीय दप्तरखान्यात, राजकीय पोलिसांचे.

जाण्याआधी मागणीची यादी तयार ठेवा: साल, मालिका, अंक क्रमांक, तारीख. नुसते ‘पेडण्याचे जमिनीचे कागद’ म्हटले तर कर्मचारीही काही करू शकत नाही. कागद ठिसूळ झालेला असतो, बांधणीच्या कडेला जास्तच. खंड सपाट उघडायचा हट्ट धरू नका, खाली उशी किंवा आधार मागा, फ्लॅश बंद ठेवा. आणि प्रत्येक वेळी आधी पानाच्या माथ्याचा फोटो घ्या, मग मजकुराचा. तारीख-क्रमांकाशिवाय काढलेले फोटो घरी आल्यावर निरुपयोगी होतात.

कोर्टात फोटो चालेल का?

त्यावर विसंबू नये. दप्तरखान्याची प्रमाणित प्रत घ्या आणि सोबत जाणकार अनुवादकाचे भाषांतर. भाषांतरात कायद्याचे मूळ पोर्तुगीज नाव आणि क्रमांक तसाच ठेवायला सांगा. ‘पोर्तारिया’चे कुणी ‘अधिसूचना’ करतो, कुणी ‘आदेश’, आणि मग मूळ कागद कोणता यावरच दोन सुनावण्या जातात.

इंटरनेटवर ‘बोलेतिम जेराल’चे खंड सापडले. तेच हे का?

नव्हे. ‘बोलेतिम जेराल दास कोलोनियास’, १९५१ नंतर ‘दु उल्त्रामार’, हे लिस्बनच्या त्या प्रचार-एजन्सीचे मासिक. १९२५ पासूनचे. फोटो चांगले, कागद गुळगुळीत, गोव्यावर लेख भरपूर, पण ते सरकारचे कौतुकपत्र आहे. त्यात छापलेल्या हुकमाला कायद्याच्या दृष्टीने किंमत नाही. गोव्यातला कायदा सिद्ध करायचा तर पणजीत छापलेले बोलेतिम ओफिसियालच लागते.